पोरबंदरी दगडाला सिमेंट आणि ऑइल पेंट लावू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींना रिपेअरिंगनंतर नवी झळाळी आली अशा बातम्या फोटोसकट पेपरात येतात, वाचून बरं वाटतं, पण माझी नजर दरवेळी फोटोतल्या कोरीव भागाकडे जाते. खांबांची डोकी, कमानींच्या कडा, बाल्कनीखालचे ब्रॅकेट, गॅलरीचे कठडे, तिथे जो सायीच्या रंगाचा दगड असतो त्याचं काय केलंय ते बघायला. काळा दगड बरंच काही सोसतो, हा नाही सोसत. हा पोरबंदरचा दगड, मऊ चुनखडक, आणि दुरुस्तीच्या नावाखाली आपण त्याचं जे काही चालवलंय ते थांबावं म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र मोठं झालंय पण जमलं तर पूर्ण छापा, कुठल्यातरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी ते वाचून दाखवेल अशी आशा आहे.

माझी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून गेली. जुन्या इमारतींवर शिडी लावून मापं घ्यायची आणि ऑफिसात येऊन ड्रॉइंग काढायची, त्यामुळे हा दगड हाताने चाचपून ओळखीचा झाला, नुसता खालून बघून नाही.

आधी दगड काय आहे ते सांगतो कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला, पोरबंदर, राणावाव, आदित्याणा, बरडा डोंगराच्या आजूबाजूला याच्या खाणी. शास्त्रज्ञ याला मिलिओलाइट म्हणतात, हे नाव १८४९ साली कार्टर नावाच्या मुंबईत नोकरी करणाऱ्या लष्करी डॉक्टरने दिलं कारण दगडात मिलिओला जातीच्या अतिसूक्ष्म समुद्री जीवांची कवचं सापडतात. म्हणजे झालं असं की ही कवचं आणि चुन्याचे बारीक गोल कण समुद्राने किनाऱ्याला आणून टाकले, वाऱ्याने उडून त्यांच्या टेकड्या झाल्या, मग पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळला आणि तोच परत कणांच्या मधल्या फटीत बसून सगळं एकमेकांना चिकटलं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढे हा अगदी अलीकडचा, काही लाख वर्षांच्या आतबाहेरचा. त्यामुळे तो पूर्ण घट्ट झालेलाच नाही, आतून सच्छिद्र, पाणी पिणारा आणि पाणी सोडणारा. या पत्रातलं हे एक वाक्य तेवढं लक्षात ठेवा, पाणी पितो आणि पाणी सोडतो.

खाणीतून ताजा काढला की इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो, टाकीने पानाफुलांची नक्षी निघते. मग उघड्यावर ठेवला की आतला ओलावा हळूहळू पृष्ठभागाकडे येऊन उडून जातो, येताना विरघळलेला चुना सोबत आणतो आणि तो बाहेरच्या थरात जमून वर एक कडक कवच तयार होतं. जुन्या कारागिरांना हे बरोबर माहीत होतं, कोरायचं ते दगड ताजा असताना कोरायचं आणि मग त्याला वारा लागू द्यायचा. एकदा आलेलं हे कवच म्हणजे दगडाचं संरक्षण, ते खरवडलं तर आतला मऊ भाग उघडा पडतो आणि पहिल्यासारखं कवच परत येत नाही, कारण खाणीतला तो ओलावा आता उरलेला नसतो. तरीही ग्राइंडर फिरवून दगड "नवा" करून देणारे लोक आहेत आणि त्यांना काम देणारेही आहेत.

पोरबंदर गावातली जुनी घरं याच दगडाची, गांधीजींचं जन्मघर सुद्धा त्याच गावात. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे ती मला फार आवडते, की तिथे हा दगड चुन्याशिवाय नुसता एकावर एक रचून भिंत घालतात आणि पावसापाण्याने सांधे जुळत जुळत भिंत एकसंध होते. वाचायला नवल वाटेल पण कारण वर सांगितलं तेच आहे, चुना विरघळतो आणि परत बसतो. दगडाला आपल्याच जातीचा माल जोडायला चालतो, परका चालत नाही.

आता मुंबई. आपल्याकडे काळा दगड मुबलक, कुर्ला आणि मालाडच्या खाणींतून पिवळसर दगड यायचा, पण बारीक कोरीव कामासाठी मऊ दगड हवा होता आणि तो गलबतांतून समुद्रमार्गे पोरबंदरहून आणला गेला. जुनं सचिवालय, १८७४ मध्ये पूर्ण झालेलं, त्यात पोरबंदरी दगड आहे. चर्चगेट स्टेशनसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, म्हणजे त्या वेळच्या बीबी अँड सीआय रेल्वे कंपनीचं ऑफिस, १८९९ चं, व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्सनेच डिझाइन केलेलं, तिथे जाऊन पाच मिनिटं उभं राहून बघा. भिंतीचं अंग निळसर काळ्या खडबडीत दगडाचं आणि खांब, त्यांची डोकी, कॉर्निस, नक्षी सगळी पांढऱ्या पोरबंदरीची. नुसतं रंग उठून दिसावा म्हणून केलेलं नाही ते. वजन घ्यायला आणि पाऊस झेलायला काळा दगड, आणि कोरायला मऊ दगड, तोही शक्यतो कमानीच्या आत, छज्जाखाली, जिथे पाणी थेट आपटणार नाही अशा जागी. आजच्या आपल्या डिझाइनमध्ये एवढा विचार क्वचित दिसतो हे मी याच धंद्यात राहून सांगतोय.

कोरणारे हातही इथलेच होते. जेजे स्कूलमध्ये तयार झालेली पोरं, आपले पाथरवट, काठेवाडी कारागीर. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या असिस्टंट इंजिनियरने तयार केले होते. या माणसाचं नाव मुंबईत कितीजणांना माहीत आहे? टॉवर डिझाइन करणारा स्कॉट, व्हीटीवाला स्टीव्हन्स ही नावं आपण घेतो, घ्यावीतच, पण हे नाव शाळेच्या पुस्तकात यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मऊ चुनखडक वापरणारे आपण एकटे नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या बाजूला क्लंच नावाचा खडूसारखा मऊ दगड आहे, ईलीच्या कॅथेड्रलमधल्या लेडी चॅपलचं चौदाव्या शतकातलं अतिशय नाजूक कोरीव काम त्यात आहे, आणि त्यांनीही तो आतल्या बाजूला वापरला, बाहेर पावसात टिकेल असा कठीण दगड घेतला. फ्रान्समध्ये लुआर नदीकाठचे राजवाडे तुफो नावाच्या अशाच मऊ पांढऱ्या दगडाचे. माल्टा बेटावर तर व्हॅलेटा हे अख्खं शहर मऊ पिवळसर चुनखडकात उभं आहे, तिथलं हाजार इम हे हजारो वर्षांपूर्वीचं मंदिर खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने झिजत चाललं म्हणून २००९ साली त्यावर मोठं तंबूसारखं छत उभारलं. एवढी काळजी घेतात ते लोक. आपल्याकडे पाऊस माल्टापेक्षा कितीतरी पट, समुद्र अंगणात, आणि आपण काय करतो तर वरून डिस्टेंपर.

आता मुख्य तक्रारीकडे येतो.

पहिली गोष्ट ऍसिड. काळा दगड धुवायला ऍसिड वॉश मारायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, आणि कामगार एकाच बादलीने काळाही धुतो आणि पोरबंदरीही. अहो हा चुना आहे! ऍसिड पडलं की फेस येतो, तो फेस म्हणजे मळ निघत नाहीये, दगड विरघळतोय. नक्षीच्या धारा दोन तासांत बोथट होतात आणि जे क्षार तयार होतात ते दगडाच्या आत राहून पुढची कित्येक वर्षं ओल धरून ठेवतात. कोणाला आपल्या इमारतीचा दगड कुठला अशी शंका असेल तर खाली पडलेल्या एखाद्या तुकड्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुनखडक. इमारतीवर नका करू, पडलेल्या तुकड्यावर करा.

दुसरी सिमेंट, आणि हे सगळ्यात वाईट कारण सगळ्यांना ते चांगलंच वाटतं, मजबूत वाटतं. दगडांच्या मधल्या सांध्यात जुना चुना झिजलेला असतो, तो झिजायलाच असतो, भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडावी म्हणून. तो काढून तिथे सिमेंट भरलं की सांधा बंद. मग ओल जाणार कुठून, दगडातून. मुंबईची ओल म्हणजे नुसतं पाणी नाही, समुद्राचं मीठ त्यात असतंच, वर सिमेंट आपले क्षार घालतं. पाणी दगडातून बाहेर पडताना उडून जातं आणि मीठ आत छिद्रांत राहतं, त्याचे स्फटिक होतात, स्फटिक फुगतात, आणि दगड आतून फुटतो. आधी पावडर झडते, मग पोपडे निघतात आणि दोन दगडांच्या मधली सिमेंटची रेघ तेवढी ताठ उभी राहते, दगड तिच्यामागे खोल गेलेला. फोर्टात फिरताना हे चित्र कुठेही दिसेल, एकदा ओळखायला लागलात की दिसतच राहील.

तिसरं रंग. ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, चकचकीत कोटिंग, सगळ्यांचा परिणाम तोच, दगडाचा श्वास कोंडतो. फ्लोरा फाउंटनचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे, १८६४ सालचं ते शिल्प इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात घडवलेलं, तोही चुनखडकच, त्याच्यावर वर्षानुवर्षं पांढऱ्या ऑइल पेंटचे थर चढवले होते. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन ते परत खुलं झालं, थर काढल्यावर खाली केवढं बारीक काम होतं ते मुंबईला दिसलं. ते नीट झालं म्हणजे करता येतं ना? मग बाकीच्या इमारतींनी काय पाप केलंय.

आणि लोखंड. जुन्या दगडांच्या आत कधीकधी लोखंडी आकडे असतात, पाणी लागून गंजले की गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि दगड दुभंगतो. त्यावर उपाय म्हणून बाहेरून परत लोखंडीच पट्टी ठोकतात, ती पण गंजणार. स्टेनलेस स्टील वापरा, महाग पडतं पण परत परत करावं लागत नाही.

गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातल्या गंधकाने दगडाच्या वरच्या थराचं जिप्सम होतं आणि जिथे पावसाचं पाणी पोचत नाही तिथे काजळी धरून काळं कवच जमतं, ते तर आहेच, पण तो विषय सोसायटीच्या हातातला नाही म्हणून इथे थांबतो.

आमच्याच इमारतीचं सांगतो. दर्शनी बाल्कन्यांखाली पोरबंदरीचे ब्रॅकेट होते, वेलबुट्टी कोरलेले. काही वर्षांपूर्वी सोसायटीने रिपेअरिंग काढलं, सगळ्यात कमी रेटवाल्या कॉन्ट्रॅक्टरला काम दिलं, मी मीटिंगमध्ये बोललो की चुना वापरा, तर उत्तर मिळालं की काका आता चुना कोण वापरतं, आम्ही वॉटरप्रूफिंगची गॅरंटी देतोय. ब्रॅकेटवर सिमेंटचा लेप दिला, वेलबुट्टी सिमेंटमध्येच अंदाजाने परत काढली, वर रंग मारला. दोन पावसाळे छान दिसलं. मग लेप फुगला आणि एका रात्री ब्रॅकेटचा मोठा तुकडा लेपासकट खाली आला, नशीब खाली कोणी नव्हतं. आता बाकीचे ब्रॅकेट "धोकादायक" म्हणून काढून टाकायचा ठराव येतोय. दगड धोकादायक नव्हता हो, त्याला तसं केलं. मला त्या कॉन्ट्रॅक्टरवर राग काढायचा नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि आमच्यातल्या कोणी विचारलं पण नाही.

मग करायचं काय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम दगडाला हात न लावता होतं, ते म्हणजे पन्हळी, पाइप आणि छज्जे. मी मापं घेतलेल्या इमारतींत सडलेला पोरबंदरी दगड बहुतेक वेळा फुटलेल्या पावसाळी पाइपच्या खाली किंवा तुंबलेल्या गटाराजवळच सापडायचा, वीसेक फुटांवरचा तोच दगड ठणठणीत. मे महिन्यात गच्चीचे पन्हळ साफ करा, पाइपचे जोड बघा, पिंपळाचं रोप बोटभर असताना काढा, मूळ आत गेल्यावर नाही. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

नंतर चुना. कळीचा चुना आणून नीट विरवलेला, कित्येक दिवस भिजत ठेवलेला, वाळूबरोबर मळलेला. आपल्याकडे बैलाच्या घाणीत चुना मळायचे, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे, कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे. हा चुना भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू परत चुनखडकच होतो, म्हणून तो पोरबंदरीला भावासारखा जमतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो, ऊन वारा एकदम लागू द्यायचा नाही, ओली गोणपाटं टाकायची, आणि काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाळ्याआधी संपवायचं. आपल्याकडे टेंडर निघेपर्यंत मार्च उजाडतो आणि जूनच्या आत उरकायची घाई, मग सिमेंटशिवाय दुसरं काही सुचतच नाही कोणाला. हे वेळापत्रक बदललं तरी फार फरक पडेल.

दगड बदलावाच लागला तर तोच दगड आणा आणि खाणीत तो ज्या बाजूने आडवा पडलेला होता त्याच बाजूने भिंतीत बसवा, उभा बसवला की थर सुटतात. दगड अजून मिळतो, सौराष्ट्रात त्याचे कापलेले ठोकळे, ज्याला तिकडे बेला म्हणतात, साध्या घरांना आजही लावतात. मात्र त्या पट्ट्यातला चुनखडक सिमेंट आणि सोडा ऍशच्या कारखान्यांनाही जातो, आणि किनाऱ्याजवळ फार खोदलं की समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरतं, तिथल्या शेतकऱ्यांचा तो जुना त्रास आहे. म्हणून ऊठसूट नवा दगड मागवा असं मी म्हणणार नाही. आहे तो वाचवा, आणि कोरीव कामाजोगा चांगला दगड दुरुस्तीसाठी थोडा राखून ठेवायची व्यवस्था गुजरात आणि महाराष्ट्र सरकारने मिळून करावी, मुंबईच्या गरजेपुरता फार लागणार नाही.

हे फक्त पोरबंदरीपुरतं नाही. गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकाच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, जांभा उघडा दिसला तर जुना आणि भारी वाटेल म्हणून, आणि तेव्हापासून तो जांभा पाऊस खातोय. लोकांना आता तो लाल रंगच खरा वाटतो, परत गिलावा करायचं म्हटलं की वाद होतो. तिथे चुना काढून चुकलं, इथे चुन्याऐवजी भलतंच लावून चुकतंय.

१९९५ साली मुंबईसाठी हेरिटेजची नियमावली आली, देशात पहिली, त्याचा अभिमान आहेच. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा दर्जा मिळाला, तेव्हा तर पेढे वाटावेसे वाटले. पण नियमावली मोठ्या ग्रेडच्या इमारतींना सांभाळते, तिथे जाणकार आर्किटेक्ट असतात, राजाबाई टॉवरचं काम किती सुंदर झालंय बघा. माझी काळजी आहे गिरगाव, काळबादेवी, फोर्टच्या गल्ल्यांतल्या साध्या इमारतींची, ज्यांना पोरबंदरीचे दोन खांब आणि चार ब्रॅकेट आहेत आणि ज्यांचं रिपेअरिंग भाडेकरू, मालक आणि ठेकेदार यांच्या ओढाताणीत होतं. तिथे रेटच्या यादीत चुन्याच्या कामाचा आयटमच नसतो, मग इच्छा असली तरी इंजिनियर तो लिहिणार कसा आणि बिल पास होणार कसं.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या रेटमध्ये चुन्याच्या सांध्यांचा आणि चुनखडकाच्या सफाईचा वेगळा आयटम घाला. कोरीव चुनखडकावर ऍसिड, सिमेंट आणि ऑइल पेंट नको अशी एक ओळ प्रत्येक परवानगीपत्रात छापा. आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकणाऱ्या मुलांना चुना विरवायला आणि मळायला शिकवा, निदान काही आठवडे, या मुलांना कामाची कमी पडणार नाही, एवढ्या इमारती नुसत्या दक्षिण मुंबईत आहेत. आणि आपल्या पेपरला विनंती की घरदुरुस्तीच्या पुरवणीत चुन्यात काम करणाऱ्या गवंड्यांशी बोलून त्यांच्या कामाची पद्धत पायरीपायरीने, फोटोसकट छापावी, पावसाळा संपायच्या आत छापली तर यंदाच्या हंगामातल्या कामांना तिचा उपयोग होईल.

आपला,
गिरगावातील एक वाचक